थ्रॉटलचं फ्रिक्शन किट: काही महिने वापरल्यावर

शिडाच्या बोटीवर इंजिन हा राखीव गडी. पण वारा पडला आणि समोरून ओढ लागली की त्याच्याशिवाय पान हलत नाही. नेमक्या त्याच वेळी आमचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा वेग ठरवणारा लिव्हर, दगा द्यायचा. 2400 आरपीएमला लावून हात काढला की लिव्हर हळूहळू मागे सरकायचा आणि बघता बघता काटा 1800 वर यायचा. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात लिव्हर. नाक खाजवायचीही सोय नाही.

डिझेल इंजिनच्या गव्हर्नरची (वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग थ्रॉटलला सतत आयडलकडे, म्हणजे सर्वात कमी वेगाकडे, खेचत असते, त्यात इंजिनची थरथर. या दोघांना थोपवतं ते लिव्हरच्या बुडाशी असलेलं घर्षण. तिथे एक फ्रिक्शन वॉशर असतो आणि त्याच्यावर दाब देणारा स्क्रू. आमचा स्क्रू पुरता आवळून झाला होता, तरी सरकणं चालूच. म्हणून नव्या वॉशरचं हे फ्रिक्शन किट मागवलं.

किट मागवण्याआधी एक गोष्ट जरूर बघा: आरपीएम उतरताना लिव्हरही हलतो का? लिव्हर जागेवर असेल, तर केबलचं बाहेरचं आवरण इंजिनकडच्या क्लॅम्पमधून निसटत असेल. तेही ठीक असेल तर डिझेलचा फिल्टर तपासा. या दोन्हीत किटचा काही उपयोग नाही.

आमचा वॉशर काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि त्यावर जुन्या ग्रीसचा थर. कुणीतरी मायेने लावलेलं! ग्रीस फक्त पिव्हटला, म्हणजे लिव्हर ज्यावर फिरतो तिथे. घासणारे पृष्ठभाग स्पिरिटने पुसून अगदी कोरडे हवेत. लिव्हर काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर मिळून मार्करने एक रेघ मारा. बसवताना खाच एका दाताने जरी चुकली तरी न्यूट्रलची जागा बदलते, आणि ते धक्क्याला लागताना कळतं.

नवा वॉशर सुरुवातीला थोडा बसला, तेव्हा स्क्रू पाव फेरा आवळावा लागला. त्यानंतर लाटांवर बोट हेलकावे खात असतानाही काटा हलत नाही. तरी जास्त आवळण्याचा मोह नको. घाईत रेस कमी करायची असताना लिव्हर एका हाताने सहज मागे यायला हवा.

तक्रारी दोन. सूचनांचा कागद म्हणजे एक अंधूक चित्र, बाकी काही नाही. आणि लॉक वॉशर दिलेला नाही, त्यामुळे थरथरीने स्क्रू सैल होऊ लागला. आम्ही नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) टाकला. थ्रेड लॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) मुद्दाम टाळला, कारण काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

लिव्हर आडवा डुगडुगत असेल तर मात्र बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजलेला आहे. मग किटवर पैसे घालू नका, अख्खा कंट्रोल बदला.