मोटर चाकात की पेडलपाशी?

रोजच्या ये-जा करण्यासाठी ई-सायकल बघायला गेलात की दुकानदार आधी बॅटरीचे आकडे ऐकवतो. ते नंतर ऐका. आधी मोटर कुठे आहे ते बघा.

चाकाच्या मधोमध असते ती हब मोटर. ती थेट चाकच फिरवते, चेनवर तिचा ताण येत नाही. सिग्नलला जड गिअरमध्ये अडकलात तरी ओढून नेते, आणि स्वस्तही पडते. मात्र लांबलचक चढावर वेग पडला की तापते. मिड-ड्राइव्ह मोटर पेडलपाशी असते आणि सायकलचेच गिअर वापरते, त्यामुळे चढ आरामात काढते. पण सगळा जोर चेनवरून जातो. चेन लवकर झिजते, आणि गिअर बदलताना पाय हलका केला नाही तर खाडकन आवाज येतो.

खरा फरक कळतो पंक्चर झाल्यावर. मिड-ड्राइव्हचं मागचं चाक साध्या सायकलसारखंच निघतं. हब मोटरच्या चाकाला वायर, मोठे नट आणि विशिष्ट क्रमाने बसणारे वॉशर. एकदा भर पावसात मी तो क्रम विसरलो आणि अर्धा तास रस्त्याकडेला घालवला. आता चाक काढतच नाही. टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढतो आणि जागेवरच ठिगळ लावतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने मला सेन्सर, म्हणजे मोटरने कधी मदत द्यायची ते ठरवणारा भाग, जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅडन्स सेन्सर फक्त पेडल फिरतंय का एवढंच बघतो, म्हणून गर्दीत सायकल अचानक पुढे उसळते. टॉर्क सेन्सर पायाचा दाब मोजून तेवढीच मदत देतो. मिड-ड्राइव्हमध्ये तो बहुधा असतोच; हब मोटरवाल्याला मुद्दाम विचारा.

ब्रेकवर तडजोड नको. वेग ताशी 16 वरून 25 किलोमीटर झाला की थोपवायची ऊर्जा जवळजवळ अडीचपट होते, त्यात सायकलच 20-25 किलोची. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक घ्या, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद होते ना, हे दुकानातच तपासा.

रस्ता सपाट असेल तर मी हब मोटर घेईन आणि वाचलेले पैसे ब्रेक आणि टॉर्क सेन्सरवर घालीन. रोजच चढ असेल तर मिड-ड्राइव्हच.

बॅटरी दोन्हींत काढता येणारीच हवी. जिने चढून अख्खी सायकल कोण नेणार? चार्ज करताना आगीचा धोका असतो, म्हणून चार्जर सोबत आलेला तोच वापरा, घरातले जागे असतानाच लावा, आणि बाहेर पडायच्या वाटेत तर मुळीच नको.