एकच ‘ऑलराउंडर’ की दोघांत वाटलेलं काम?

रावेरच्या केळी व्यापारी भाऊंचा पेच: वेबसाइटसाठी एकच माणूस पगारावर ठेवावा, की डिझायनर (पानांचं रूप आखणारा) आणि डेव्हलपर (कोड लिहिणारा) यांना कंत्राट द्यावं? त्यांच्या नोकरीच्या जाहिरातीत फोटोशॉप, पीएचपी (वेबसाइटचं कोड लिहायची भाषा), एसईओ (गुगलच्या शोधात साइट वर आणणं), फेसबुकच्या पोस्टी, वर ऑफिसचा प्रिंटर सांभाळणंही. सगळं एकाच पगारात!

एकटा स्वस्त दिसतो, पण साइट झाल्यावरही पगार चालूच. कंत्राटात सुरुवातीला रक्कम मोठी, पुढे फक्त डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) आणि किरकोळ देखभाल यांचा खर्च.

फिग्मात (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) देखणं पान आखणारा पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेण्याच्या सोयीचं) कोडही चोख लिहील असं नाही. दोन्ही येणारे असतात; पण ते या पगारात थांबतील कशाला? आणि असा माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्याकडेच. पगारी असो वा कंत्राटी, डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या, भाऊ.

रोजचे भाव, फोटो टाकायचे तर पगारी माणूस ठेवा, तेवढ्याच कामाला. ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या असतील तर कंत्राट.