राँग की इनकरेक्ट?

दोन्हींचा अर्थ आपण ‘चूक’ असाच लावतो, पण इनकरेक्टची धाव आकडा, स्पेलिंग, पिन, उत्तर यांच्यापुरतीच. सातबाऱ्यावर गट क्रमांक ११४ चा १४१ पडला, तर इंग्रजी अर्जात ‘इनकरेक्ट’ लिहावं. शब्द औपचारिक आहे, कोणावर बोट ठेवत नाही.

राँगचा पसारा फार मोठा. क्विंटलभर कापूस काट्यावर ९८ किलो भरला, तर वजन इनकरेक्टही आणि राँगही. पण काटा मुद्दाम मारला असेल, तर त्या वागण्याला राँगच म्हणायचं. इनकरेक्ट म्हटलं की लबाडी झाकली जाते. मुळात राँग हा शब्द ‘वाकडा, पिळलेला’ या अर्थाचा. पिळणे यासाठीचं इंग्रजी क्रियापद ‘रिंग’ त्याचंच भावंड. दोन्हींच्या सुरुवातीचा डब्ल्यू मुका, आणि मुलं लिहिताना नेमका तोच गाळतात.

यवतमाळच्या स्टँडवर वणीऐवजी दारव्ह्याच्या गाडीत बसलात, तर ‘द राँग बस’. ‘अ राँग बस’ नाही, इनकरेक्ट तर नाहीच: चूक गाडीत नाही, निवडीत आहे. ‘व्हॉट्स राँग?’ म्हणजे ‘काय झालं?’, तिथे इनकरेक्ट बसतच नाही.