म्हशीचे 65 हजार कुठे ठेवायचे: पिग्मी, सोसायटी, पोस्ट की बँक?

शेजारच्या काकूंनी म्हैस विकली. 65 हजार आले आणि ते जुन्या पातळात गुंडाळून तांदळाच्या पिंपात गेले. काकू रताळी, नवलकोल, कोथिंबीर घेऊन बेळगावच्या बाजारात बसतात. गाडीभाडं जाऊन दिवसाला शंभर-सव्वाशे हातात उरतात. थोरल्या मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. रविवारी मी गावच्या वाचनालयात बायकांचे फॉर्म भरून देते, तिथं त्या आल्या आणि म्हणाल्या, “पोरी, सोसायटीवाला व्याज जास्त देतोय, पिग्मीवाला दारात येतोय. बँक काय माझ्या दारात येत्या? गेलं की अर्धा दिस जातोय. कुठं ठेवू सांग.”

काकूंसारखाच प्रश्न खानापूरपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांत आहे, म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, काकूंचा प्रश्न एक नव्हता, तीन होते. रोजचे पन्नास-शंभर कुठे साठवायचे, एकरकमी 65 हजार कुठे ठेवायचे आणि फीला कमी पडले तर कर्ज कुठून काढायचं. तिन्हींना एकच दार शोधायला गेलो की फसगत होते.

रोजचे पन्नास रुपये

इथं पिग्मीला, म्हणजे दारात येऊन रोज थोडे थोडे पैसे नेणाऱ्या ठेवीला, तोड नाही, हे मी मनापासून मानते. 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दारोदार जाऊन रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे रुजला. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी राहिली. कारण साधं आहे. काकूंच्या हातात पैसा येतो तो दुपारी बारा-एकला, टोपली रिकामी होताना. त्याच वेळी पिग्मीवाला समोर उभा राहतो, मशीनमधून बोटभर चिठ्ठी काढून देतो. तोच पैसा संध्याकाळी घरी पोचला तर तेल, औषध, पाहुणा यांत जातो.

पण पिग्मी कुणाची, हे विचारायला हवं. बँकेची असेल तर एक गोष्ट, सोसायटीची म्हणजे पतसंस्थेची असेल तर दुसरी. मुदतीआधी पैसे मागितले की व्याज कापतात, कधी मुद्दलातूनही काही वजा होतं. हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं. चिठ्ठ्या फेकू नयेत. महिन्यातून एकदा स्वतः ऑफिसात जाऊन पासबुक भरून घ्यावं आणि चिठ्ठ्यांशी ताडून पाहावं. पिग्मीवाला ओळखीचा आहे म्हणून हे टाळणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ओळख आणि हिशेब वेगळे ठेवले तर ओळखही टिकते.

शेजारी पोस्टाचं आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, ठेवून बघू. महिन्याला 100 रुपयांपासून सुरू करता येतं, मुदत पाच वर्षं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचा दर 6.7 टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. रोजचे 50 म्हणजे महिन्याला 1500. पाच वर्षांत भरणा 90 हजार आणि 6.7 टक्क्यांनी हातात सुमारे 1 लाख 7 हजार. यामागे खुद्द केंद्र सरकार उभं आहे. अडचण एकच, पोस्ट दारात येत नाही आणि महिन्याच्या शेवटी 1500 एकदम हातात असतातच असं नाही. म्हणून काकूंना मी दोन्ही सांगितलं. पिग्मीत रोज टाका, मुदत संपली की रक्कम तिथंच पुन्हा न गुंतवता पोस्टात किंवा बँकेत हलवा.

एकरकमी 65 हजार

इथं मी ठाम आहे, कारण आमच्या घरानं हे सोसलंय. आईनं शिलाईचे, भिशीचे करून जमवलेले 1 लाख 20 हजार एका सोसायटीत ठेवले होते. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त मिळायचे. एके दिवशी शटर अर्ध्यावर आलं, मग “पुढच्या महिन्यात या” सुरू झालं. तीन वर्षं आई ठेव पावती पर्समध्ये घेऊन फिरली. तिच्या घड्या फाटल्या, आईनं चिकटपट्टी लावली. निम्मे मिळाले, तेही तुकड्यातुकड्यानं.

फरक काय तो नीट समजून घ्या. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला त्या बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत रक्कम देतं. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, जिल्हा मध्यवर्ती, अर्बन सहकारी, या सगळ्या बँका त्यात येतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर, रिझर्व्ह बँकेनं एखाद्या बँकेवर पैसे काढायची बंदी घातली तर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळायची तरतूद आहे. क्रेडिट सोसायटी, पतसंस्था, सौहार्द सहकारी, मल्टिस्टेट सोसायटी यांना हा विमा नाही. बोर्ड कितीही झगमगीत असो, आत एसी असो, संचालक आपल्या गल्लीतले असोत. नावात ‘बँक’ शब्द आहे का आणि ठेव विम्याचा फलक लावलाय का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

सोसायट्यांना मी नावं ठेवत नाही. सहकाराचा पाया याच मातीत आहे. भारतातली पहिली कृषी सहकारी संस्था 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटील यांनी उभी केली, तेव्हा तो भाग आपल्यासारखाच मुंबई इलाख्यात होता. आजही अनेक सोसायट्या चोख चालतात. तिथं मराठीत बोलता येतं, सोनेतारण तासाभरात होतं. पण काकूंचे 65 हजार हे म्हशीचे पैसे आहेत, पुन्हा उभे राहायचे नाहीत. दोन टक्के जादा म्हणजे वर्षाला 1300 रुपये. तेवढ्यासाठी मुद्दल विम्याबाहेर ठेवायचं नाही, असं मी त्यांना हात धरून सांगितलं.

उरले पोस्ट आणि बँक. मुलीची फी जूनमध्ये लागणार, म्हणून पैसे पाच वर्षं अडकवणं चुकीचं. त्यातले 50 हजार बँकेत सहा महिन्यांच्या ठेवीत आणि 15 हजार बचत खात्यात, असं आम्ही ठरवलं.

बँकेचं दार लांब का वाटतं

जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 ला सुरू झाली. काकूंचंही खातं आहे, शून्य शिलकेचं, रुपे कार्डासकट. खातं 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेलं असेल तर कार्डावर 2 लाखांचा अपघात विमा आहे. म्हणजे कागदावर काकू बँकेत पोचल्यात. पण फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, मेसेज इंग्रजीत, आणि काकूंची चौथी झाली ती मराठी शाळेत.

खिडकीवरच्या माणसानं “साल एष्टु?” विचारलं की कर्ज किती आहे असा अर्थ असतो. आपल्याला ‘साल’ म्हणजे वर्ष. काकूंनी जन्मसाल सांगितलं आणि मागच्या रांगेनं तोंड वाकडं केलं. त्या दिवसापासून त्या एकट्या बँकेत गेल्या नाहीत. म्हणून मी त्यांना पाचच शब्द लिहून दिले: साल म्हणजे कर्ज, बड्डी म्हणजे व्याज, कंतु म्हणजे हप्ता, हेसरु म्हणजे नाव, हण म्हणजे पैसे. बाकी ठेवणि, जमा, जामीनु, सही हे तर आपलेच शब्द, लिपी तेवढी वेगळी.

गावातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राचाही पर्याय आहे. आधार आणि अंगठा, एका वेळी 10 हजारांपर्यंत पैसे निघतात. पण खुरपणी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांचे अंगठे झिजलेले असतात. काकू पदरानं अंगठा पुसतात, मग तर्जनी लावतात, मग डाव्या हाताची. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला की केंद्रवाला “उद्या या” म्हणतो. अशा वेळी “ट्रान्झॅक्शन फेल” झालेली पावती मागून घ्यावी. आणि अंगठा दिला की किती रक्कम लिहिलीय ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगावं.

आणखी एक. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 ज्या खात्यात येतात त्याला हात लावू नका. सरकारी अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. नवीन खातं उघडताना अनुदानासाठी आधार जोडण्याच्या रकान्यात टिक केली की पैसे तिकडे वळतात आणि इकडे “आले नाहीत, आले नाहीत” म्हणून हेलपाटे होतात. चंदगडला दिलेल्या काकूंच्या बहिणीचे लाडकी बहीणचे पैसे असेच चार महिने भलत्या खात्यात पडून होते.

कर्ज काढायचं तर

जमीन स्वतःच्या नावावर असेल तर आधी कृषी पत्तीन संघ, म्हणजे शेतकऱ्यांची गावची सहकारी पतसंस्था. कर्नाटकात 5 लाखांपर्यंतचं पीक कर्ज सहकारी संघांतून शून्य टक्के व्याजानं मिळतं, वायद्याच्या आत भरलं तर. याहून स्वस्त पैसा कुठेच नाही. पण उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, सभासदत्व दिरांकडे, अशी आपल्याकडची निम्मी घरं. काकूंचंही तेच. शिवाय हे कर्ज पिकासाठी आहे, फीसाठी नाही.

मग सोनेतारण. बँकेत व्याज कमी आणि नियम आता ग्राहकाच्या बाजूचे. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई. सावकाराचं ‘शेकडा तीन’ ऐकायला लहान वाटतं, पण ते महिन्याचं असतं, वर्षाला 36 टक्के.

महिला संघात, म्हणजे बचत गटात, काकू सहा वर्षं आहेत. संघाच्या बँक कर्जाचं व्याज आटोक्यात असतं आणि हिशेब बायकांच्याच वहीत असतो. फीच्या तुटीसाठी मी हाच पहिला पर्याय सांगितला.

मायक्रोफायनान्स कंपन्यांचं, म्हणजे फायनान्सवाल्यांचं, गटकर्ज सगळ्यात शेवटी. तारण नाही, चार दिवसांत पैसे, हे खरं. पण व्याज बहुधा 20 टक्क्यांच्या वर, आणि एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्या नऊ तिच्या दारात उभ्या. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारला अध्यादेश काढावा लागला, त्यात जबरदस्तीनं वसुली करणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलणं मात्र कुठलाच कायदा निस्तरून देत नाही. हप्ता ती भरणार असली तरी सही आपली असते.

सोमवारी काकूंबरोबर मी बँकेत गेले. ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून थोरलीचं नाव घातलं. सहीच्या जागी काकू अंगठा पुढे करणार होत्या. मी पेन दिलं. सही कुठल्याही भाषेत चालते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी वेळ घेऊन पूर्ण नाव लिहिलं, वरची रेघ शेवटी ओढली. खिडकीतल्या बाईंनी ती सही नमुन्याच्या कार्डावर आणखी दोनदा करून घेतली आणि पावती दिली.