हायड्रॉलिक ब्रेकचं ब्लीड किट: फनेलसाठी घ्या, बाकीचं ठीकठाक

ब्लीड किटचे रिव्ह्यू वाचायला घेतले की पिशवीत काय काय निघालं नि सिरिंज किती मोठी आहे एवढंच सापडतं. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा असतो ना, की आपल्या सायकलच्या ब्रेकला ब्लीडिंग, म्हणजे तेलाच्या नळीत अडकलेली हवा बाहेर काढणं, लागतंय का? लिव्हर जरा वेगळा लागला की लोक थेट तेल बदलायला बसतात आणि दोष निघतो पॅडमध्ये. मला हे किट आवडलं ते याच कारणासाठी, त्यातल्या फनेलने ब्लीड करायचंय की नाही हे आधीच कळतं.

किट साधं आहे, शिमानो कंपनीच्या ब्रेकसारख्या मिनरल ऑइलवाल्या ब्रेकसाठीचं. स्टॉपरसकट फनेल, एक सिरिंज, पारदर्शक नळी, पिस्टनच्या (पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यांच्या) मध्ये घालायचा पिवळा ब्लॉक, ७ मिमीचा पाना आणि तेलाची छोटी बाटली.

पण किट उघडायच्याही आधी हाताने तपासा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. सायकल उभी ठेवून लिव्हर एकदा सावकाश दाबायचा, मग पटापट चार-पाच वेळा. पहिल्यांदा मऊ लागला, पंप केल्यावर कडक झाला आणि थोडा वेळ सोडून परत दाबला तर पुन्हा मऊ, म्हणजे लाइनमध्ये हवा धरली आहे. तेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, त्यामुळे बोटाचा जोर पॅडपर्यंत पोचायच्या आधी तो बुडबुडा दाबण्यातच जातो. लिव्हर थेट हँडलला टेकत असेल तर तपासत बसू नका, आधी सायकल चालवणं थांबवा. आणि पॅड रोटरला (चाकावरच्या धातूच्या चकतीला) कुठे टेकतात ती जागा दर वेळी बदलत असेल, कधी लवकर पकडतोय कधी उशिरा, तेही बहुतेक वेळा हवेचंच लक्षण.

सायकल उलटी किंवा आडवी ठेवून मग सरळ केली आणि लिव्हर मऊ पडला तर लगेच घाबरू नका, लिव्हरच्या टाकीत राहिलेली थोडी हवा नळीत शिरलेली असते, सरळ उभी करून काही वेळा पंप केलं की ती परत वर जाते. पण दर वेळी हेच व्हायला लागलं तर ब्लीड करायची वेळ झाली.

आता एक वेगळी केस. लिव्हर दाबून तसाच धरून ठेवला आणि तो हळूहळू आत जात राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा लिव्हरमधलं सील गेलंय. इथे ब्लीड करून दोन दिवस बरं वाटेल आणि मग परत तेच. नळीचे जोड, कॅलिपर (चाकाजवळचा पॅड-पिस्टनवाला भाग), लिव्हरची खालची बाजू पांढऱ्या टिश्यूने पुसून बघा, तेल लागलं तर आधी तिथलं काम करायचं.

ब्रेक किंचाळतोय, किंवा लिव्हर कडक आहे पण सायकल थांबत नाही, याचा ब्लीडिंगशी जवळजवळ कधीच संबंध नसतो, पॅडला किंवा रोटरला तेल लागलेलं असतं नाहीतर पॅड तापून गुळगुळीत झालेले असतात. लिव्हर लांब जातो पण शेवटी दगडासारखा कडक लागतो, तर पॅड बघा नि पिस्टन नीट सरकतायत का ते बघा. शिमानोचे पॅड ०.५ मिमीवर आले की बदलायचे असतात आणि १.८ मिमीचा रोटर १.५ वर आला की तोही. झिजलेल्या पॅडवर वरून तेल भरून लिव्हर कडक करून घ्यायचा हा उद्योग तर अजिबात नको, पिस्टन बाहेर आलेले असताना जास्तीचं तेल आत गेलं की नवे पॅड घालताना पिस्टन मागेच जात नाहीत आणि रोटर घासत राहतो. तो पिवळा ब्लॉक त्यासाठीच दिलेला असतो, पिस्टन पूर्ण मागे ढकलून तो मध्ये घालायचा आणि मगच तेल.

आता फनेल. लिव्हर जमिनीला समांतर फिरवून घ्यायचा, वरचा छोटा ब्लीड स्क्रू काढायचा (त्याची ओ-रिंग जपा, पटकन हरवते), फनेल हाताने बसवून त्यात थोडं तेल ओतायचं. मग लिव्हर अगदी थोडा दाबून टचकन सोडायचा, दुसऱ्या हाताने नळीवर कॅलिपरपासून वरपर्यंत टिचक्या मारत यायचं. हवा असेल तर फनेलच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसायला लागतात, आधी एकेक, मग मध्येच एक मोठा सुटतो आणि त्या क्षणी लिव्हर बोटाखाली बदललेला कळतो. बरेचदा एवढ्यावरच काम होतं, चाकही काढावं लागत नाही. काहीच वर आलं नाही आणि लिव्हर कडक आहे, तर स्टॉपर लावून फनेल काढा आणि दोष दुसरीकडे शोधा. काहीच आलं नाही पण लिव्हर मऊच आहे, तर हवा बहुधा कॅलिपरमध्ये अडकलीये, मग चाक आणि पॅड काढून खालून सिरिंजने पूर्ण ब्लीड.

खालून ब्लीड करताना जुनं तेल वर फनेलमध्ये येतं, त्याचा रंग बघाच. शिमानोचं नवं तेल गुलाबी-लाल असतं, करडं किंवा काळपट आलं तर बदलायलाच झालं होतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही म्हणून त्याला अमुक महिन्यांचा हिशोब नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरमध्ये बसतं आणि लांब उतारावर कॅलिपर तापला की तेच आधी उकळतं, त्याची वाफ झाली की लिव्हर अचानक हँडलला. उतारावर हा प्रकार एकदा जरी झाला तरी मी पूर्ण तेल बदलते, थंड झाल्यावर ब्रेक कितीही चांगला वाटला तरी.

किटमधली वाईट गोष्ट म्हणजे नळी. कॅलिपरच्या निपलवर (जिथून तेल आत-बाहेर जातं त्या तोंडावर) ती सैल बसते, सिरिंज जरा जोरात दाबली की निसटते आणि तेल कॅलिपरभर. छोटा झिप टाय आवळून घेतला की थांबते, पण हे किटमध्येच द्यायला हवं होतं. पाना मऊ धातूचा आहे, निपलच्या कडा खाईल अशी भीती वाटते, मी माझा चांगला पाना वापरते. तेलाच्या बाटलीवर काहीच नीट लिहिलेलं नाही, ती बाजूला ठेवून ब्रेकच्या कंपनीचंच तेल घ्या, ब्रेकच्या बाबतीत मला अंदाजपंचे चालत नाही.

डॉट फ्लुइडवाल्या (काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइलऐवजी हे वेगळं द्रव असतं) ब्रेकना हे किट लावू नका, सिरिंज धुऊन पण नाही. दोन्हींची रबर सील वेगळी असतात, चुकीचं तेल गेलं की फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. शिवाय डॉटचं ओळखणंही वेगळं, ते हवेतली ओल शोषतं, डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश आणि ओल शोषल्यावर १५५ अंश, म्हणजे लिव्हर छान कडक लागत असला तरी आतलं फ्लुइड जुनं झालेलं असू शकतं, डॉटवाल्यांनी ते साधारण वर्षाने बदलत राहावं आणि त्यासाठी वेगळं किट घ्यावं.