जाळीमागून रेस टिपताना: ७०-२०० की १५०-६००?

चेन्नईच्या रेसला जायचं ठरलंय, कॅमेरा घरात आहे आणि भाड्याने एकच लेन्स आणता येणार आहे. ७०-२०० एफ २.८ आणावी की १५०-६००? (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: आकडा मोठा तितकी गाडी जवळ दिसते. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा: तो लहान तितकं छिद्र मोठं.) विचाराल त्यातले बहुतेक जण मोठी आणायला सांगतील. आपल्याकडे प्रेस पास नाही, आपण ट्रॅकच्या जाळीच्या अलीकडे, गाड्या पलीकडे, मग जितकी लांबची लेन्स तितकं बरं, असा तो हिशेब. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरी ७०-२०० च घ्यायला सांगेन.

आधी अंतराचं बघू. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १०० मीटर लांबच्या गाडीसाठी २०० मिमीच्या चौकटीत १८ मीटर रुंदी मावते. चार मीटरची हॅचबॅक त्यात पाव चौकटही भरत नाही. ६०० मिमीला तीच रुंदी ६ मीटर होते आणि गाडी छान बसते. म्हणजे लांबून बघायचं असेल तर प्रश्नच मिटला. पण ३० मीटरवर २०० मिमीला ५.४ मीटर मिळतात, गाडी पुढेमागे थोडी जागा ठेवून मावते. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर १५० वरच भागतं.

म्हणून ट्रॅक कोणता, हे लेन्सच्या आधी ठरवा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून मोठा आहे. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली, २०२३ मध्ये मोटोजीपी. अशा ट्रॅकवर घसरलेल्या गाडीसाठी सोडलेली जागाच इतकी रुंद असते की स्टँडमधून ७०-२०० ने काही हाती लागत नाही, तिथे निमूटपणे १५०-६०० न्या. फक्त तिकिटावरच्या अटी आधी वाचा, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लेन्सच्या आकारावर बंधन असू शकतं. कोइम्बतूरजवळचा कारी स्पीडवे याच्या अगदी उलट. ट्रॅक साधारण दोन किलोमीटरचा, त्यामुळे तीच गाडी लवकर परत समोर येते आणि चुकलेला फोटो पुन्हा घेता येतो. शिकणाऱ्यासाठी याहून मोठी सोय नाही. चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, म्हणजे या दोघांच्या मधला. तिथे मी दिवसाचा बराच वेळ एकाच वळणाला देतो.

आता जाळी. कोणी सांगत नाही, पण खरा निकाल इथे लागतो. लेन्सचं छिद्र किती मोठं हे फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागलं की कळतं. २०० मिमीला एफ २.८ वर ते ७१ मिमी येतं, ६०० ला एफ ६.३ वर ९५. जाळीची तार याच्यापुढे किरकोळ, त्यामुळे लेन्स जाळीला जवळजवळ टेकवली आणि जाळीचा तेवढा भाग सावलीत असला की तार फोटोतून नाहीशी होते. इथवर दोन्ही लेन्स सारख्या.

पण रेसचा फोटो जिवंत होतो तो पॅनिंगने, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा वळवत फोटो घेण्याने. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. शटर १/१००० सेकंद उघडं राहिलं तर गाडी ३ सेंटीमीटर सरकते, चाक जेमतेम ६ अंश फिरतं आणि फोटोत गाडी पार्क केल्यासारखी उभी दिसते. १/६० ला ती अर्धा मीटर सरकते, चाक पाव फेरी मारतं. गाडीबरोबर कॅमेरा वळवत नेला की गाडी धारदार राहते आणि मागचं सगळं वाहतं. मात्र भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर १/६० हवं तर छिद्र एफ २० पर्यंत आवळावं लागतं. २०० मिमीला ते उरतं १० मिमी, आणि गायब झालेली जाळी करड्या पट्ट्यांनी परत येते. सकाळी सुरेख आलेले फोटो दुपारी अचानक फिकट का पडले, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

यावर उपाय एनडी ८ फिल्टर, लेन्सपुढे लावायची गडद काच. तो तीन स्टॉप उजेड खातो, म्हणजे तीनदा निम्मा करतो, मग एफ ७.१ वर काम होतं आणि छिद्र पुन्हा २८ मिमीचं. ७०-२०० एफ २.८ ला बहुतेक ७७ मिमीचा फिल्टर लागतो, तो सहज मिळतो, मित्राकडूनही आणता येतो. सिग्मा आणि टॅमरॉनच्या लोकप्रिय १५०-६०० ला ९५ मिमीचा लागतो, तो महाग आणि शोधावा लागणारा. माझ्या लेखी लेन्सचा निर्णय इथेच होतो.

वजनही लक्षात घ्या. ७०-२०० दीड किलोच्या आसपास, १५०-६०० दोन किलोच्या. अर्धा किलोचा फरक सकाळी जाणवत नाही, पण पॅनिंगमध्ये कंबरेतून शंभर वेळा वळल्यावर हात थरथरायला लागतात आणि धारदार फोटो कमी होत जातात. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) न्या, दोन्हींसाठी. चेन्नईच्या उन्हात आणखी एक गोष्ट: डांबरावरची तापून थरथरणारी हवा ६०० मिमीला दीडशे मीटरवरची गाडी पाण्यातून बघितल्यासारखी करते. तिथे किमती लेन्सही काही करू शकत नाही, त्यामुळे लांबचे फोटो सकाळीच उरकावेत.

१५०-६०० ची बाजू भक्कम आहे ती समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी. चार-पाच गाड्या ब्रेक मारत वळणात शिरतात, एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, तो चिकटल्याचा भास २०० मिमीत येत नाही. गुडघा टेकवत वळण घेणाऱ्या बाइकचंही तसंच. हेच फोटो हवे असतील तर माझं ऐकू नका. मधला मार्ग म्हणून ७०-२०० ला १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे फोकल लेंग्थ १.४ पट करणारा जोडभाग, लावता येतो: २८० मिमी, एफ ४. इरुंगट्टुकोट्टईला मी हाच जोड नेतो.

दोन्हीपैकी काहीही आणा, पण आदल्या रविवारी घराजवळच्या मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर उभं राहून स्कूटर पॅन करा. स्टॅबिलायझर (लेन्सची हलणं कमी करणारी सोय) पॅनिंगच्या मोडवर, पाय जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला, कोपरं अंगाला. १/२५० पासून सुरू करा, दहातले पाच जमले की १/१२५ वर या. आणि बटण दाबल्यावर कॅमेरा थांबवू नका, स्कूटर जाईल तसा वळवत राहा.