पंपाचं आयुष्य वाढवणारी बाटली आणि तिच्यामागून येणारं बिल

इंजिनला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं आयुष्य वाढवते असं सांगून, डिझेलच्या टाकीत ओतायची अ‍ॅडिटिव्हची (मिसळायच्या रसायनाची) बाटली विकतात. तिने गाडीमालक बुडत नाही. काहीशे रुपये जातात, विषय संपतो. खरा फटका पुढे बसतो, कारण बाटली हे फक्त आमिष असतं. ‘शेठ, बीएस-सिक्सचं डिझेल कोरडं असतं, तुमच्या जुन्या पंपाला ते सोसत नाही’ हे वाक्य एकदा मालकाच्या डोक्यात बसलं की त्यानंतर गाडीत काहीही बिघडो, दोष पंपाचाच वाटायला लागतो. फिल्टर तुंबून गाडी चढाला ओढेनाशी झाली तरी ‘पंप गेला’ म्हटल्यावर मालक मान डोलावतो. मग पंप उतरतो आणि बिल हजारांत जातं. कॉमन रेलची (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणारी, नव्या पद्धतीची) गाडी असेल तर लाखातही.

या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारची प्रदूषणाची मानकं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५०) चालायचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं तेव्हा ते ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १० वर आलं. गंधक काढताना हायड्रोजनची जी प्रक्रिया होते, तिच्यात डिझेलला मुळात वंगणपणा देणारी संयुगंही निघून जातात. इथपर्यंत विक्रेता बरोबर बोलतो. पुढचं तो सांगत नाही: रिफायनरी तो वंगणपणा परत घालूनच माल बाहेर सोडते. त्यासाठी एचएफआरआर नावाची चाचणी असते. ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये एक छोटी पोलादी गोळी २०० ग्रॅमच्या भाराखाली पत्र्यावर ७५ मिनिटं पुढेमागे घासतात आणि गोळीवर पडलेला घासाचा डाग मोजतात. तो ४६० मायक्रॉनच्या वर गेला तर ते डिझेल नापास. म्हणजे पेट्रोल पंपावर चांगलं डिझेल भरलं असेल तर वंगण त्यात आधीच आहे.

दुसरी गोष्ट पंपाच्या प्रकाराची. जुन्या टाटा, लेलँडच्या गाड्यांवरचा इनलाइन पंप, ज्याला लोक अजूनही ‘मायको पंप’ म्हणतात, त्याची कॅमशाफ्ट आणि रोलर टॅपेट ऑइलमध्ये चालतात. डिझेलवर अवलंबून असतात ती फक्त एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरल, आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह. रोटरी पंप मात्र आतून पूर्ण डिझेलवरच चालतो, आणि कॉमन रेलच्या बहुतेक हाय-प्रेशर पंपांचंही तसंच. वंगणपणाची चिंता करायचीच तर या दोघांची. विक्रेता नेमका उलट, इनलाइनवाल्याला घाबरवतो. जुनी गाडी त्याच्याकडेच असते ना!

बाटली खपवण्याचे दोन खेळ ट्रान्सपोर्टनगरांत आणि ढाब्यांवर हमखास दिसतात. पहिला बेअरिंगचा. मोटरवर फिरणारी रिंग, तिच्यावर लिव्हरने दाबलेलं बेअरिंग, खाली वाटीत डिझेल. साध्या डिझेलवर थोडं वजन टाकताच मोटर किंचाळून थांबते. बाटलीतले चार थेंब टाकले की दांड्यावर लोंबकळलं तरी थांबत नाही. बघणारा गार होतो. ही करामत बहुधा क्लोरिनयुक्त रसायनाची असते. प्रचंड दाबाखाली तापलेल्या पोलादावर त्याचा थर बसतो आणि घर्षण कमी होतं. शाम्पू टाकला तरी ही मोटर बराच वेळ तग धरते. पण प्लंजर-बॅरलमध्ये धातूवर धातू असा दाबलेला नसतो. दोघांमध्ये २ ते ४ मायक्रॉनची फट असते, तिच्यात डिझेलचा पडदा असतो, आणि प्लंजर झिजतो तो बहुतेक धूळ, गंज आणि पाण्याने. शिवाय क्लोरिन जळलं की आम्ल तयार होतं. ते नोझलला, सायलेन्सरला आणि बीएस-६ च्या कॅटॅलिस्टला (धूर साफ करणाऱ्या भागाला) खातं.

दुसरा खेळ जास्त घातक. काचेच्या बरणीत डिझेल, तळाला पाणी, वरून बाटलीतला द्रव. हलवलं की पाणी गायब. ‘टाकीतलं पाणी संपवतो!’ पाणी संपलेलं नसतं. त्याचे बारीक थेंब करून डिझेलात मिसळलेले असतात. वॉटर सेपरेटर काम करतो तो पाणी जड असल्यामुळे खाली बसतं म्हणून. पाणी मिसळून टाकलं की ते तळाशी थांबत नाही, फिल्टर ओलांडून सरळ पंपात जातं. डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवाही पेटत नाही. ज्या पाण्यापासून पंप वाचवायचा तेच पाणी पैसे मोजून पंपात सोडल्यासारखं होतं. कॉमन रेलच्या पंपाला याहून वाईट काही देता येणार नाही. कोणत्याही बाटलीने बरणीतलं पाणी ‘गायब’ केलं तर ती घेऊ नका, फुकट दिली तरी. याउलट जी बाटली पाणी खाली ढकलते तिच्यात निदान तर्क आहे, कारण पुढे ते नळीतून काढता येतं.

सगळीच अ‍ॅडिटिव्ह खोटी असं म्हणणं चुकीचं ठरेल. सिटेन (डिझेल किती चटकन पेट घेतं याचं माप) वाढवणारं द्रव्य सिटेन वाढवतं. आपल्याकडच्या डिझेलला मुळातच किमान ५१ सिटेन लागतो, त्यामुळे फरक फारसा जाणवत नाही, आणि पंपाच्या आयुष्याशी त्याचा काही संबंध नाही. नामांकित कंपनीचं डिटर्जंट इंजेक्टरवरचा थर काढायला मदत करतं, झिजलेलं एलिमेंट भरून आणत नाही. २ टक्के चांगलं बायोडिझेल वंगणपणा खरोखर वाढवतं. मात्र रस्त्याकडेच्या टाकीतून ‘बायोडिझेल’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा भलतंच औद्योगिक तेल असतं. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून विकलं जाणारं द्रव्य महाराष्ट्रात कोणाच्या कामाचं, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. लडाखसाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. धुळे-नाशिक पट्ट्यातल्या कुडकुडत्या पहाटेलाही साधं डिझेल पुरतं. टू-स्ट्रोक ऑइल मिसळायची जुनी सवय इनलाइन पंपाला मारक नसली तरी बीएस-६ गाडीत करू नका, त्या ऑइलची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचते.

आता बिलाकडे. गाडी गरम झाली की स्टार्ट होत नाही, सकाळी मात्र एका सेल्फमध्ये उठते, हे एलिमेंट झिजल्याचं खरं लक्षण आहे. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. याची पारख फुकटात होते. गरम पंपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबा (बादलीभर पाणी एकदम ओतू नका, आतले भाग अडकू शकतात). त्यानंतर गाडी उठली तर एलिमेंटवर संशय घ्यायला जागा आहे.

पण ओढ कमी होणं, काळा धूर, चालता चालता बंद पडणं, यांतल्या एकाही तक्रारीवर पंप आधी उतरवायचा नसतो. आधी फिल्टर. जुन्या टाटाच्या जोडफिल्टरमध्ये पहिला जाडा आणि दुसरा कागदी असतो. लोक दुसराच बदलतात. मग फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) तोंडाशी असलेली बारीक जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, बँजो बोल्टखालचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर. तिथून हवा ओढली जात असेल तर जोडाजवळ पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. काळ्या धुराला एअर फिल्टर आणि टर्बोचा फाटलेला होजपाइप बघा. एखादा सिलिंडर मिस होत असेल तर इनलाइन पंपाच्या गाडीत आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कळतं: ज्याचा सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही, आणि दोष बहुधा नोझलचा निघतो. ही युक्ती कॉमन रेलवर कधीही करू नका. तिथल्या पाइपात १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, त्याची धार कातडी भेदून आत जाते.

कॉमन रेलमध्ये ‘पंप गेला’चा पुरावा मागायचा तो असा. सेल्फ मारताना स्कॅनरवर रेलचा दाब दाखवा म्हणा. बहुतेक बॉश प्रणालींत गाडी उठायला साधारण २०० बार लागतात. दाब चढत नसेल तर इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (जादा डिझेल परत नेणाऱ्या) वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून बघायचं. एकाच बाटलीत भसाभस डिझेल आलं तर तो इंजेक्टर दाब खातोय, पंप नव्हे. पंप खरोखर आतून खाल्ला गेला असेल तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेल मोजून आत सोडणारा) काढल्यावर त्याच्या जाळीत चमकणारा धातूचा चुरा दिसतो. तो चुरा दिसला तर मात्र निव्वळ पंप बदलून गाडी हातात देणारा दुसऱ्यांदा लुबाडतो आहे. रेल, इंजेक्टर, पाइप, टाकी, सगळं साफ झाल्याशिवाय नवा पंपही त्याच चुऱ्याने जातो.

इनलाइन पंप उतरवायचाच ठरला, तर फसवणूक टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर होते. प्रकार ठरलेले. बॉडी धुऊन, रंग मारून, ओ-रिंग आणि डिलिव्हरी व्हॉल्व्हचे वॉशर बदलून पूर्ण सेट एलिमेंटचं बिल लावणं. मूळ कंपनीची बरी एलिमेंट काढून घेऊन स्वस्त नकली बसवणं, हा त्याहून वाईट प्रकार, कारण आपलाच माल आपल्या हातून जातो. आणि सगळ्यात फसवा म्हणजे फुल लोडचा स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती जावं हे ठरवणारा) वाढवून देणं. गाडी दुकानातून निघते ती उडत. ड्रायव्हर खूश, मालक खूश. महिनाभरात मायलेज पडतं, धूर वाढतो, आणि डिझेल जास्त जळून वाढलेल्या उष्णतेने पिस्टनचा माथा वितळायची वेळ येते. त्या स्क्रूवर मूळचं शिशाचं सील असतं. पंप देताना त्याचा आणि नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा.

पंप देतानाच सांगून टाका की कॅलिब्रेशनचा (बेंचवर मोजलेल्या आकड्यांचा) चार्ट दोन वेळचा हवा, उघडण्याआधीचा आणि बसवल्यानंतरचा. चार्टमध्ये ठरावीक आरपीएमला प्रत्येक लाइनमधून (एकेका सिलिंडरच्या नळीतून) किती डिझेल मिळालं हे आकड्यांत असतं. आधीच्या चार्टवर सगळ्या लाइन सारख्या आणि कंपनीच्या आकड्याजवळ असतील तर पंप उघडायची गरजच नव्हती. नेमकं म्हणूनच आधीचा चार्ट कोणी देत नाही. सहा सिलिंडरच्या पंपाचं फेझिंग (एका लाइननंतर दुसरीत डिझेल सुटण्यातलं अंतर) ६० अंशांचं, अर्ध्या अंशापलीकडे फरक नको. चाचणी कॅलिब्रेशन ऑइलवर आणि ते साधारण ४० अंशांवर असताना व्हावी. बादलीतल्या थंड डिझेलवर काढलेले आकडे काहीही दाखवतात.

जुने भाग परत मागा, आणि ते उजेडात धरून बघा. खरोखर झिजलेल्या प्लंजरवर तिरक्या खाचेजवळ, बॅरलच्या भोकासमोर येणाऱ्या भागात, धूसर उभा पट्टा असतो. पाणी लागलेल्यावर तपकिरी डाग असतात. आरशासारखा चकचकीत प्लंजर ‘खराब’ म्हणून दाखवला जात असेल तर त्याची परीक्षा तिथेच घ्या: स्वच्छ डिझेलात बुडवून प्लंजर बॅरलमध्ये थोडा वर ओढा आणि बॅरल साधारण ६० अंशांवर तिरपी धरा. प्लंजर स्वतःच्या वजनाने संथ उतरला तर तो ठीक आहे. धाडकन पडला तर झिजलाय, मध्येच अडकला तर ओरखडा आहे. नव्या एलिमेंटवरही हीच परीक्षा करून घ्या. प्लंजरवर कोरलेला नंबर जुन्या नगाशी आणि बिलाशी जुळला पाहिजे. जोडी कधी अदलाबदल करू द्यायची नाही, एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात गेला की दोन्ही गेले.

पंप टिकवायला बाटलीच्या किमतीत चांगला फिल्टर येतो. रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी सेपरेटरखालचा ड्रेन काचेच्या बाटलीत थोडा सोडा. तळाला पाणी बसलेलं दिसतं का बघा, पावसाळ्यात तर न चुकता. रात्री टाकी भरून उभी केली तर आत ओल धरायला जागा कमी उरते. डिझेल भरताना शंका आली तर पेट्रोल पंपावर घनता तपासून मागता येते. ती १५ अंशांना रूपांतरित करून नोंदवलेल्या घनतेशी ताडतात आणि ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक असेल तर माल संशयास्पद. रॉकेलची भेसळ पंपाला सर्वांत लवकर मारते, तिथे कुठलीही बाटली वाचवत नाही.

फसवणूक झालीच तर कागद लागतो. ‘पंप रिपेअर’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. एलिमेंट किती नग, कोणत्या कंपनीचे, कोणता नंबर, मजुरी वेगळी, आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल की ट्रक धंद्यासाठी आहे, मालक ग्राहक ठरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला अपवाद आहे: स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानत नाहीत. एक गाडी असलेला आणि ती स्वतः चालवणारा मालक यात बसू शकतो. त्यामुळे तक्रारीत ‘ट्रान्सपोर्ट कंपनी’ असं भारदस्त नाव न लिहिता, स्वतःचा परवाना, एकाच गाडीचं आरसी बुक आणि तिच्यावर घर चालतं हे स्पष्ट लिहावं, सोबत दोन्ही चार्ट आणि पिशवीत जपून ठेवलेले जुने प्लंजर जोडावेत.